बिनपावतीची पेटी

काटासाहेबांनी आयुष्यात कुणाचा एका पैचाही गैरफायदा घेतला नव्हता, आणि ही गोष्ट इतरांना कळल्यावाचून राहू नये याची काळजी त्यांनी जन्मभर वाहिली होती. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षे निरीक्षक म्हणून काढलेल्या या गृहस्थांना लांबून येताना पाहिले, की दुकानदार तराजूची पारडी पुसायला घेत. सख्ख्या काकांच्या दुकानातले वीस ग्रॅमने हलके निघालेले किलोचे वजन त्यांनी भर बाजारात जप्त केले होते. त्या दिवसापासून काकूंनी त्यांना घोटभर पाणी विचारले नाही, आणि साहेबांनी ती तहान प्रशस्तिपत्रासारखी मिरवली. ‘काटासाहेब’ हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवले होते. त्यांनी ते पदवी म्हणून स्वीकारले.

निवृत्तीनंतर तराजू सुटला, पण न्याय करण्याची सवय सुटेना. ती भागवायला रविवारचे मंडळ होते.

मंडळ म्हणजे सिगारच्या नादाची चार माणसे. दर रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला ती साहेबांच्या घरातल्या मागच्या खोलीत जमत. दोन्ही खिडक्या सताड उघड्या आणि घरात जाणारे दार घट्ट बंद, ही बाईसाहेबांची, म्हणजे साहेबांच्या पत्नीची, अट होती आणि तिच्यावर चर्चा होत नसे. भिंतीशी काचेच्या दाराचे, आत ओलावा राखणारे लाकडी कपाट होते. त्यावरच्या ओलावा दाखवणाऱ्या तबकडीला साहेब येता-जाता नखाने टिचकी मारून पाहत, जसा एखादा बाप झोपलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून पाहतो. कपाटात साहेबांच्या चौदा पेट्या होत्या. मंडळात साहेबांखेरीज तिघे होते : छापखानेवाले, ज्यांच्या बोलण्यात मजकुरापेक्षा समास अधिक असे, घड्याळजी, जे तासभर गप्प बसून एखादेच वाक्य बोलत आणि तेही नको तेव्हा, आणि डॉक्टरबाई, ज्यांनी तीस वर्षे रोग्यांना भूल दिली होती आणि स्वतः मात्र कशालाही भुलत नसत.

सिगार ही वस्तू अशी, की नीट सांभाळली तर वर्षागणिक मुरते, आणि मुरली की तिचा भाव चढतो. बाहेरचे शौकीन जुन्या पेट्या एकमेकांना तिप्पट-चौपट दराने विकतात आणि वर मैत्रीच्या गप्पा मारतात, हे काटासाहेबांना सहन होत नसे. म्हणून त्यांनी मंडळाला नियम घालून दिले. सभासदाने सभासदाला पेटी विकताना मूळ किमतीवर छदामही चढवायचा नाही. पुरावा म्हणून खरेदीची पावती पेटीखालीच ठेवायची, आणि पेटी हलली की पावतीही हलली पाहिजे. भर बैठकीत एकदा ‘दिली’ म्हटले की दिली. मग माघार नाही. छापखानेवाल्यांनी हे नियम जाड कागदावर फुकट छापून दिले होते, सोनेरी किनारीसकट.

नियमाचा बळीही एक होता आणि तो घरातलाच होता. बाईसाहेबांचा धाकटा भाऊ दंतवैद्य. तोही पूर्वी या मंडळात बसे. आठ वर्षांपूर्वी त्याने नऊ वर्षे सांभाळलेली एक पेटी छापखानेवाल्यांना देताना मूळ किमतीवर तीनशे जास्त मागितले. “नऊ वर्षं कपाटाचं वीजबिल मी भरलं, भाऊजी,” एवढेच त्याचे म्हणणे होते. साहेबांनी त्याला सर्वांदेखत, आणि मुख्य म्हणजे बहिणीदेखत, “सफाईदार चोर” म्हटले. दंतवैद्य कोट उचलून निघून गेला. त्यानंतर तो बहिणीकडे आला तो तिच्या आजारपणात, आणि तेही साहेब घरी नसताना.

या घटनेनंतर मंडळात नीतिमत्तेचा सुकाळ झाला. कुणीही कुणाकडून नफा घेईना. आश्चर्य एवढेच होते, की कुणी कुणाला फारसे काही विकेनाही. पण साहेबांना त्यात आश्चर्य वाटले नाही. त्यांना तो संयम वाटला.

*

त्या रविवारी छापखानेवाल्यांनी घसा साफ केला.

“साहेब, पुढच्या महिन्यात मला साठ पुरी होतात. आता माणूस म्हणून या वयात काय मागायचं? मुलं मार्गाला लागली, छापखाना चाललाय, गुडघे चालत नाहीत—”

“मुद्द्यावर या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नाहीतर एकसष्टी उजाडेल.”

“ती वरच्या फळीवरची हिरव्या पट्टीची पेटी. तेवढी मला द्या.”

हिरव्या पट्टीची सिगार वळणारा कारखाना चार वर्षांपूर्वी बंद पडला होता. बाहेर त्या पेटीला पंचवीस हजार मोजणारे लोक रांगेत उभे होते, हे चौघांनाही ठाऊक होते आणि चौघेही ते ठाऊक नसल्यासारखे बसले होते. साहेबांची नजर वरच्या फळीवर खिळली. पण मनातली हाव चेहऱ्यावर येऊ देणे म्हणजे पारड्याखाली चिंच चिकटवणे, अशी त्यांची धारणा होती.

“दिली,” ते म्हणाले.

“अरेरे! आणि मी महिनाभर धाडस गोळा करत होते,” डॉक्टरबाई उद्गारल्या.

साहेबांनी कपाट उघडले, पेटी दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि तसेच थबकले. पेटीखाली पावती नव्हती.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून फळी तपासली, फट तपासली, शेजारच्या पेट्या तपासल्या. तेरा पेट्यांखाली तेरा पावत्या होत्या. चौदावी नव्हती.

“असू द्या हो,” छापखानेवाले मोठ्या मनाने म्हणाले. “आठवेल ती किंमत सांगा. तुमचा शब्द हीच पावती.”

“आठवेल ती किंमत?” साहेबांचा आवाज चिरकला. याच उत्तरावर त्यांनी बत्तीस वर्षे लोकांना दंड ठोठावला होता.

तेवढ्यात कॉफीचा ट्रे घेऊन बाईसाहेब आत आल्या. साहेबांना गुडघ्यांवर बसून कपाटाखाली डोकावताना पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

“काय हरवलं?”

“या पेटीची पावती.”

“तिची पावती कुठून असणार? ती तुम्ही घेतलीच नव्हती.” बाईसाहेबांनी ट्रे टेबलावर ठेवला. “तुम्ही रिटायर झालात तेव्हा धाकट्यानं भेट दिली. त्याच्या हातून तुम्ही घेतली नसती, म्हणून मीच फळीवर सरकवून ठेवली. पाच वर्षं झाली की, तुम्ही ती आपलीच खरेदी समजून बसलात. साखर कुणाला कमी?”

छापखानेवाल्यांच्या हातातली सिगार कापायची कातर खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

सर्वांत आधी डॉक्टरबाईंची शुद्ध जागेवर आली. “भेट आलेली वस्तू. म्हणजे साहेबांनी मोजले किती? काही नाही. मूळ किंमत शून्य.”

“शून्य,” घड्याळजी म्हणाले.

“नियम म्हणजे नियम, साहेब,” टेबलाखालून छापखानेवाल्यांचा आवाज आला. “माझा काही आग्रह नाही. पण आपण तत्त्वापासून ढळलो, तर बाहेरच्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?”

तत्त्वाबद्दल एवढी आस्था मंडळात पूर्वी कधी दिसली नव्हती. काटासाहेबांनी पेटी छातीशी धरली, आणि पूर्ण चौकशीअंती पुढच्या रविवारी निर्णय देतो असे जाहीर केले.

मंडळी गेल्यावर ते पत्नीसमोर येऊन उभे राहिले. “मूळ किंमत म्हणजे देणाऱ्यानं मोजलेली किंमत, असाही अर्थ निघू शकतो.”

“मग विचारा देणाऱ्याला.”

“तूच विचार. तुझा भाऊ आहे.”

“माझा एकुलता एक भाऊ आहे,” बाईसाहेब म्हणाल्या. “आणि आठ वर्षांत तुम्ही त्याच्याशी चार वाक्यं बोललात. त्यातली दोन हवामानावर होती. पेटी तुमची, शब्द तुमचा, नियम तुमचा. पाय पण तुमचेच जाऊ द्यात. आणि अहो, जाताय तर फक्त भाव विचारून येऊ नका.”

साहेबांना पेटी फुकट सोडवत नव्हती, आणि शब्द मोडून तोंड दाखवणेही जमणार नव्हते. एकीकडे पंचवीस हजार, दुसरीकडे बत्तीस वर्षांची अब्रू. या दोन्हींच्या मध्ये बायकोचा भाऊ उभा होता, आणि त्याचे वजन त्यांनी आजवर कधी धरलेच नव्हते.

*

सोमवारी अकरा वाजता दवाखान्यातल्या मुलीने विचारले, “तक्रार काय आहे?”

मेहुण्याशी बोलायचे आहे असे सांगणे साहेबांच्या जिवावर आले. “दाढ,” ते म्हणाले. त्यामुळे दहा मिनिटांत ते त्या लांबलचक खुर्चीत आडवे झाले, आणि त्यांच्या डोळ्यांवर दिवा व दिव्यामागे दंतवैद्याचा चेहरा आला.

“या, भाऊजी. कुठली?”

साहेबांनी अंदाजाने एका दाढेकडे बोट केले.

“ही ठणठणीत आहे. पण शेजारची पार किडलीये. आलाच आहात तर मोठा आ करा.”

हिरडीत भुलीची सुई टोचली गेली आणि तोंडात कापूस, आरसा आणि दोन बोटे एकदम शिरली. संभाषणाची पुढची जबाबदारी एकट्या दंतवैद्यावर आली.

“ताईचा फोन आला होता. किंमत हवीये ना पेटीची? सात हजार.”

“आँ?”

“हलू नका. छापखानेवाल्यांकडून घेतली. त्यांना अठराशेला पडली होती, पण त्यांनी सात मागितले. मी दिले. तुमच्या निरोपाला काहीतरी बरं द्यायचं होतं.”

साहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. यंत्राचा आवाज सुरू झाला, थांबला.

“त्यांच्यावर एकट्यावर चिडू नका. डॉक्टरबाईंकडून मी तीन पेट्या घेतल्यात. घड्याळजी दर दोन-तीन महिन्यांनी येतात, दात दाखवायच्या निमित्तानं. त्यांच्या तोंडात आता दुरुस्त करायला काही उरलेलं नाही, तरी येतात. मला मंडळातून काढलंत ना, त्याच आठवड्यात पहिला फोन छापखानेवाल्यांचा आला. म्हणाले, ‘तुम्ही आता सभासद नाही, त्यामुळे मोकळेपणानं बोलता येईल.’ वर वळवा जरा मान. हं.”

“ऊं… ऊं…”

“नाही हो, मला त्यांचा राग नाही. त्यांनी भाव सांगितला, मला पटला. राग आला तो एकाच गोष्टीचा. तीनशे मी तोंडावर मागितले होते. उघडपणे. आणि तुम्ही ताईसमोर मला चोर म्हणालात.”

त्यावर काटासाहेब काहीतरी बोलले. कापसामुळे त्यातला एक शब्दही बाहेर आला नाही. ते क्षमा मागत होते की कलम सांगत होते, हे त्यांचे त्यांनाही नीट सांगता आले नसते.

“चूळ भरा,” दंतवैद्य म्हणाला.

साहेबांनी चूळ भरली. आता तोंड मोकळे होते. बोलायला काहीही अडचण नव्हती, आणि म्हणूनच बोलणे जमेना. “फी किती झाली?” त्यांनी विचारले.

“सुईचे आणि सिमेंटचे नव्वद. कापसाचे दोन.” दंतवैद्य हातमोजे काढत पाठमोरा झाला. “घरच्यांना मी मूळ किमतीतच करतो. माझ्या हाताचं काही लावत नाही.”

ब्याण्णव देऊन साहेब रस्त्यावर आले. अर्धा गाल बधिर होता. दुसरा अर्धा जळत होता.

*

पुढच्या रविवारी मंडळी पाच मिनिटे आधीच आली. छापखानेवाल्यांनी पेटी न्यायला कापडी पिशवी आणली होती.

“चौकशी पूर्ण झाली,” काटासाहेब उभे राहून म्हणाले. “पेटी देणाऱ्याने तिच्यासाठी सात हजार मोजले होते.”

“कुणाला?” घड्याळजींच्या तोंडून निघाले, आणि डॉक्टरबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. पण उशीर झाला होता.

साहेबांनी छापखानेवाल्यांकडे पाहिले. छापखानेवाल्यांनी सोनेरी किनारीच्या कागदाकडे पाहिले.

“ते सभासद नव्हते, साहेब!” ते एकदम बोलू लागले. “काय लिहिलंय इथं? ‘सभासदाने सभासदाला.’ तुमचंच वाक्य. मी काना-मात्रा न बदलता छापलंय. बाहेरच्याला काय दराने विकावं याबद्दल नियम मौन पाळतो. मग मी बोलायचं का मध्ये?”

“आणखी कोण?”

डॉक्टरबाईंनी शांतपणे हात वर केला. “तीन पेट्या. दाम चोख मिळाले.”

“घड्याळजी?”

“मी मोजल्या नाहीत,” घड्याळजी म्हणाले.

काटासाहेब खाली बसले. त्यांनी बत्तीस वर्षांत आतून पोखरलेली वजने पाहिली होती, दांडीला बांधलेला दोरा पाहिला होता, ओल्या पोत्यातला माल पाहिला होता. पण सरकारी शिक्का असलेल्या तराजूनेच गिऱ्हाईक बुडावे, आणि तो शिक्का आपल्याच हातचा असावा, हा प्रकार नवा होता. ते दोन घोट पाणी प्यायले आणि पुन्हा उभे राहिले.

“मी सूचना मांडतो. दंतवैद्यांना सन्मानाने मंडळात परत घ्यावं. अनुमोदन कुणाचं?”

छापखानेवाले पिशवीची घडी घालू लागले. घड्याळजींनी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली दिली, जी त्यांनी सकाळीच दिलेली असणार.

“अनुमोदन?”

“साहेब,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि ज्या स्वरात त्या टेबलावरच्या रोग्याला दहापासून उलटे आकडे मोजायला लावत, तो मऊ स्वर त्यांनी काढला. “माणूस चांगला आहे. आमचं काही वाकडं नाही. पण तो आत आला, की त्यालाही मूळ किमतीतच द्यावं लागेल. मग आम्ही विकायचं कुणाला?”

“म्हणजे इतकी वर्षं—”

“इतकी वर्षं आपण चौघं एकमेकांशी सज्जनपणे वागलो ते कुणाच्या जिवावर? एखादा तरी बाहेर लागतोच.”

एवढ्या स्वच्छपणे सांगितलेल्या गोष्टीवर रागावणेही अवघड असते. साहेबांनी कोऱ्या वहीचे पान फाडले, पट्टी लावून कडा सरळ केली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘हिरव्या पट्टीची पेटी एक. मूळ किंमत शून्य.’ खाली सही केली, तारीख घातली, कागद पेटीखाली सरकवला आणि दोन्ही वस्तू छापखानेवाल्यांपुढे ठेवल्या.

“न्या. सात हजार त्यानं मोजले होते, मी नाही. शब्द दिला होता.”

छापखानेवाल्यांचा चेहरा उजळला. तो साधारण सहा सेकंद उजळलेला राहिला.

“छापखानेवाले,” डॉक्टरबाई गोड आवाजात म्हणाल्या, “आता ती तुम्हाला शून्याला पडली. माझाही वाढदिवस दोन महिन्यांवर आलाय बरं का.”

“माझा मंगळवारी,” घड्याळजी म्हणाले.

छापखानेवाल्यांनी पिशवीचे तोंड दोन्ही मुठींनी आवळले.

“आणि हा माझा राजीनामा,” काटासाहेब म्हणाले. “अध्यक्षपदाचा आणि सभासदत्वाचा. दंतवैद्य जिथं आहेत तिथं मी जातो. बाहेर.”

“अहो साहेब, असं एकदम बाहेर—”

“घर माझं असल्यामुळे,” साहेबांनी दार उघडून धरले, “प्रत्यक्ष बाहेर जाण्याचं काम तुम्हाला करावं लागेल.”

*

त्यानंतरच्या रविवारी चार वाजता दंतवैद्य आला. बोलावणे बाईसाहेबांनी पाठवले होते. पण फोनवर नंबर साहेबांनी स्वतः फिरवून दिला होता, आणि त्यांच्या दृष्टीने ही फार मोठी मजल होती.

दोघे समोरासमोर बसले. हवामानाचा विषय चार मिनिटांत संपला.

फोन वाजला. छापखानेवाले होते. साठीनिमित्त थोडी तंगी आहे, हिरव्या पट्टीची एक पेटी काढायची आहे, साहेबांसाठी म्हणून बावीस हजार.

“तिच्याखाली शून्याची पावती आहे,” साहेब म्हणाले. “मीच लिहिलीये.”

“ती सभासदांसाठी हो!”

साहेबांनी फोन ठेवला. दंतवैद्य तोंडावर रुमाल धरून हसत होता. साहेबांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण त्यांनी तो आवरला.

“हे बघ,” ते म्हणाले, आणि कपाटाच्या तबकडीकडे पाहत, तिथे लिहिलेले वाचल्यासारखे, एका दमात बोलून गेले : “त्या दिवशी मी तुला जे म्हटलं ते खोटं होतं. तू उघडपणे मागितलेस. उघडपणे मागणारा चोर नसतो. मला कळायला हवं होतं, मी निरीक्षक होतो.”

दंतवैद्याने रुमाल खिशात ठेवला. मग त्याने बॅगेतून एक छोटी पेटी काढून टेबलावर ठेवली. “दहा सिगार आहेत. बारा वर्षं मुरलेल्या. घेता? सोळाशे.”

“ठीक आहे,” साहेब पाकीट काढत म्हणाले.

“ठीक आहे? असं नसतं हो, भाऊजी! तुम्ही असे लगेच हो म्हणालात, तर मला वाटत राहणार की मी कमी सांगितले. काहीतरी कमी करून मागा.”

साहेबांनी जन्मात घासाघीस केली नव्हती. ती त्यांना लाच घेण्याची धाकटी बहीण वाटे. “पंधराशे नव्व्याण्णव,” ते चाचरत म्हणाले.

“ही काय घासाघीस झाली? माझा अपमान करा थोडा.”

“हजार.”

“हजार? बारा वर्षं काय भिंतीकडे बघत बसलो होतो मी?”

“बारा वर्षं तू नुसती ठेवलीस! कपाटानं सांभाळली!”

“कपाटाला पाणी कोण घालत होतं? तुमचे काका?”

“काकांना मध्ये आणू नकोस! अकराशे! आणि या दोन सिगारींचं पान सुटलंय, हे बघ, दिव्याखाली धर!”

“पान सुटलंय? डोळे तपासा, भाऊजी, दाढ झाली आता डोळे तपासा! पंधराशे!”

आवाज दोन्ही खिडक्यांतून बाहेर जाऊ लागला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातात चिमटा धरून थांबली. बाईसाहेब हातातले काम टाकून धावत आल्या आणि दार उघडून पाहतात तो दोघेही उभे, दोघांचे चेहरे लालबुंद, साहेबांच्या शर्टाचे वरचे बटण तुटलेले, आणि आठ वर्षांत कधी दिसला नव्हता असा आनंद दोघांच्या तोंडावर ओसंडत होता.

“भांडताय?”

“खरेदी चाललीये,” साहेब धापा टाकत म्हणाले.

“ताई, तूच सांग आता,” दंतवैद्य म्हणाला.

बाईसाहेबांनी पेटीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, भावाकडे पाहिले. सिगारमधले त्यांना ओ की ठो कळत नव्हते आणि कळून घेण्याची इच्छाही नव्हती. पण घरात किती वाजता किती आवाज व्हावा, हे त्याच ठरवत आल्या होत्या.

“तेराशे,” त्या म्हणाल्या. “दोघांनीही गप्प बसायचं.”

साहेबांना ते जास्त वाटले. दंतवैद्याला कमी वाटले. दोघेही कुरकुरत खाली बसले, आणि साहेबांनी तेराशे मोजून टेबलावर ठेवले.